गल्लीचा मेल

आमच्या घरात घंटी वाजली की ती आमच्यासाठी नसते, हे मला फार लहानपणी कळलं. आर्वीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांचं झेरॉक्स आणि टेलिफोनचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे, एका पडद्याआड, आमचं घर. अख्ख्या गल्लीत फोन तेवढा एकच. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, जिथे म्हणून फोन नंबर लिहायचा असेल तिथे गल्लीतली माणसं आमचा नंबर लिहायची आणि त्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरं टाकायची. पी.पी. म्हणजे शेजाऱ्यांचा फोन आहे, ते निरोप देतील. निरोप देणारे ते शेजारी म्हणजे मी. सहाव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत मी त्या गल्लीत निरोप घेऊन पळत होते. माझ्या पोटऱ्या आजही दुखतात, डॉक्टर वयाचं कारण सांगतात, पण मला खरं कारण माहीत आहे.

दिवसभर दुकानातून आवाज यायचे. बिल छापणाऱ्या छोट्या यंत्राची करकर, झेरॉक्स मशीनचं धापा टाकणं, आणि काचेच्या खोक्यात उभं राहून ओरडणारी माणसं. नागपूरला बोलायचं असलं तर आमची माणसं जरा मोठ्याने बोलत, मुंबईला बोलायचं असलं तर आणखी मोठ्याने. पडद्याच्या या बाजूला आई भाकरी थापत असे. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की खोक्यातला माणूस ठसकत बाहेर यायचा आणि बाबा आईवर चिडायचे. आई भाकर उलटताना जरा जोरात आपटायची. माझ्या पानात अर्धी भाकर असायची आणि पडद्याआडून बाबांचा आवाज यायचा, "छाया, जाय बरं, कमलाबाईले बोलावून आण. पोराचा फोन आहे." मी उष्ट्या हाताने उठायची. परत येईपर्यंत वांग्याची भाजी गार झालेली असायची.

कमलाकाकू गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. नवरा लवकर गेला, मग त्यांनी कुरडया, पापड, सरगुंडे करून विकले आणि दोन लेकरं वाढवली. थोरला प्रमोद वेल्डर झाला आणि मस्कतला गेला. धाकटी रेखा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, वर्ध्याला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून प्रमोदचा फोन शुक्रवारी चारला यायचा. काकू साडेतीनलाच वेणीफणी करून, चांगलं लुगडं नेसून दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायच्या. फोनवर तो त्यांना दिसणार नव्हता आणि त्या त्याला दिसणार नव्हत्या, हे मी एकदा त्यांना सांगितलं. "मले माहीत नाई का व," असं म्हणून त्या हसल्या आणि पुढच्या शुक्रवारी पावडर लावून आल्या.

बाबांचा एक नियम होता, त्याबद्दल सांगितलं पाहिजे. फोनवर मरण सांगायचं नाही. वाईट बातमी आमच्याच फोनवर यायची, आणि ती ज्याची असेल त्याला बाबा कधीही थेट देत नसत. "तब्येत जराशी बरी नाही, निघा," एवढंच. माणूस घरी पोचला, चार माणसं जवळ बसली, पाणी पाजलं, की मग हळूच खरं सांगायचं. तसं वाईट बातमीचं पत्रही आमच्याकडे घरात ठेवत नसत. वाचायचं आणि लगेच फाडायचं. सगळ्या गल्लीची हीच रीत होती आणि सगळ्यांना ती पाठ होती, त्यामुळे "तब्येत जराशी बरी नाही" हे शब्द ऐकले की माणूस काय ते समजायचा. पण कुणीही उलटून विचारत नसे. बसमध्ये बसून यायचं, आणि पोचेपर्यंत अर्धी आशा धरून राहायची, ही त्या खोट्याने दिलेली सवलत होती. बाबा असे निरोप देऊन देऊन थकलेले मला आठवतात. एखाद्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते नुसते ओट्यावर बसत आणि आईने चहा आणला तरी बघत नसत.

मग कॉम्प्युटर आला. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, माझ्यासाठी स्थळं येत होती आणि परत जात होती, म्हणून बाबांनी मला कामाला लावलं. प्रमोदनेच फोनवर कल्पना काढली होती, की फोन महाग पडतो, मेल करत जाऊ. मी चार दिवस वर्ध्याला जाऊन शिकून आले आणि गल्लीसाठी एक मेलचा पत्ता उघडला. एकच. दोन काढायचे असतात हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. फोन एक, तर मेलही एक. पासवर्ड म्हणजे दुकानाचा फोन नंबर, कारण तो सगळ्यांना पाठ होता. थोड्याच दिवसांत गल्लीतली माणसं अर्जांवर तो पत्ताही लिहायला लागली आणि त्यापुढे न चुकता पी.पी. टाकायला लागली. पुण्याच्या एका कंपनीने उलट विचारलं होतं की हा पी.पी. कोण.

आलेला मेल मी छापून ज्याचा त्याला नेऊन द्यायची. ज्याला वाचता येत नसे त्याला वाचून दाखवायची. कमलाकाकू प्रमोदचा मेल दोनदा वाचून घेत, आणि मी "तुझा प्रमोद" म्हटलं की दर वेळी मान हलवून "हाव" म्हणत. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी कुठलं, सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं, ते वाचताना माझी जीभ वळायची नाही. इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं. ते चालू असलं की फोन बंद. म्हणून बाबांनी वेळ ठरवून दिली होती, सकाळी नऊ ते दहा. दहाला बाबा घड्याळाकडे बघत खाकरायचे आणि मी तार काढून द्यायची.

रेखालाही मी तोच पत्ता आणि तोच पासवर्ड दिला. वर्ध्यात बसस्टँडजवळ कॅफे उघडला होता, तिथून ती आईला लिहायची. कशी लिहायची, ते सांगितलं तर आज लोक हसतील. ती गल्लीचा मेल उघडायची, त्यातून गल्लीच्याच पत्त्यावर पत्र पाठवायची, आणि मी आर्वीत तीच पेटी उघडून ते छापायची. आम्हा दोघींना वाटायचं, पत्र वर्ध्याहून निघालं आणि आर्वीला पोचलं. किती लवकर पोचलं याचं कौतुकही करायचो. प्रत्यक्षात ते कुठेच गेलेलं नसायचं. एकाच पेटीत ती एका बाजूने हात घालत होती आणि मी दुसऱ्या बाजूने.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या ऑफिसात एक तरुण बाई आम्हाला क्लाऊड शिकवायला आल्या होत्या. नवशिक्यांसाठी वर्ग होता आणि आम्ही सगळे लिपिक पन्नाशीचे नवशिके. दुपारची वेळ, पंखा गरम हवा फिरवत होता, मला झोप येत होती. बाई म्हणाल्या, "तुमची फाईल तुमच्या मशीनमध्ये नसते. ती दूर कुठेतरी मोठ्या मशीनवर असते, तुमच्या समोरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसती खिडकी. ही खिडकी बंद केली तरी दुसऱ्या खिडकीतून तीच वस्तू दिसते. आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्या प्रत्येकाला दिसते." माझ्या शेजारच्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मला हे शिकून पंचवीस वर्षं होत आली. ज्या दिवशी शिकले त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललेली नाही, आणि आता लिहितानाही मधेच उठून दोनदा पाणी पिऊन आले.

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. त्या सकाळी मी दहाला तार काढली नाही. बाबा तहसीलमध्ये गेले होते आणि मी तिळगुळाची शुभेच्छापत्रं बघत बसले होते. चित्र वरून खाली एकेक रेघ उघडायचं, आधी पतंग दिसायचा, मग दोरा, मग कितीतरी वेळाने पतंग उडवणारा हात. कुणाला पाठवायची नव्हती. नुसतं बघायला बरं वाटत होतं. साडेदहा झाले असतील तेव्हा पेटीत एक नवा मेल दिसला. नाव अनिल. अनिल म्हणजे प्रमोदच्या खोलीत राहणारा यवतमाळकडचा मुलगा, काकूंना फोनवर नमस्कार सांगायचा तो. मेल लहान होता, बाबांच्या नावाने. "मधुकरकाका, तुमचा फोन सकाळपासून एंगेज लागून राह्यला म्हणून मेल करतो. प्रमोदच्या छातीत रात्री दुखलं. दवाखान्यात नेलं, पण पहाटे तो गेला. काकूले तुम्हीच सांगा. माही हिंमत नाई."

मी तार काढली. ती काढताच, हात अजून तारेवर असतानाच, फोन वाजला. कुणीतरी भावाचा दाखला झेरॉक्स करायला कधी येऊ म्हणून विचारत होतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

बाबा आले तेव्हा मी मेल छापून ठेवला होता. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, दोनदा वाचला, मग मस्कतला फोन लावून अनिलशी बोलले. फोन ठेवल्यावर कागदाचे लहान लहान तुकडे केले आणि बाहेर जाऊन नालीत टाकले. परत येऊन म्हणाले, "मशीनमधलं बी फाडून टाक." मला माहीत होतं कसं फाडायचं ते, एक बटण दाबायचं होतं. पण ते माझ्याने झालं नाही. त्या पेटीत प्रमोदचे सगळे मेल होते आणि त्यांच्यावर हे एक. रेखाला कधीतरी वाचावंसं वाटेल, असं मनात आलं. आणि मशीन तर बंदच होतं. मी आईने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण त्यावर घातलं आणि बाबांनी भिंतीतली पिनही काढून घेतली. बातमी आता त्या झाकणाखाली आहे आणि आम्ही काढू तेव्हाच ती बाहेर येईल, अशी आम्हा दोघांची पक्की खात्री होती. मी चार दिवसांचा कोर्स केलेली आणि बाबांचा जन्म बोटाने नंबर फिरवण्यात गेलेला, पण अक्कल दोघांची सारखीच.

काकूंना रेखा आल्यावरच सांगायचं ठरलं. लेक जवळ नसताना त्या बाईला कोण सावरणार. बाबांनी होस्टेलला फोन लावला आणि तिथल्या मावशींना तोच निरोप दिला, "रेखाले सांगा, आईची तब्येत जराशी बरी नाई. निघून ये म्हणा." फोन ठेवून मला म्हणाले, "पोट्टीले एकटीले कळू नये. इथी चार माणसात कळलं पाहिजे. बसमध्ये कळलं तं काय करीन ते." त्या दिवशी बाबांना एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ते देवाच्या तसबिरीसमोर जाऊन उभेही राहिले. आई काकूंकडे जाऊन सांगून आली की रेखाला सुट्टी लागली, दुपारच्या बसने येतेय.

बाराच्या सुमाराला काकू दुकानात आल्या. मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत सोलत बोलायची त्यांची सवय, सूप घेऊनच आल्या होत्या. "प्रमोदचा मेल नाई आला का व छाया? तिळगुळ पाठवू का म्हणून विचारलं होतं त्याले."

"मशीन बंद आहे काकू."

"काऊन? काय झालं?"

"लाईट नाही," मी म्हटलं. झेरॉक्स मशीन शेजारी चालू होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या रेखासाठी बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात करणार होत्या, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी करणार होत्या. "पोट्टी आल्यावरच जेवीन म्हणतो," असं म्हणून त्या उठल्या आणि जाताना चार शेंगा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी पडद्याआड जाऊन आईच्या पाठीला डोकं टेकलं. आईने कणकेचा हात तसाच माझ्या केसांवर ठेवला.

बाबा डेपोवर एक वाजल्यापासून उभे होते. बस सव्वादोनला आली. त्यांनी रेखाला मागच्या बोळातून थेट आमच्या स्वयंपाकघरात आणलं. तिच्या खांद्याला पर्स होती, हातात पिशवी नव्हती, घरी येताना ती नेहमी आईसाठी काहीतरी आणायची. ती पाटावर बसली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने दोन्ही हातांनी धरून सगळा पिऊन टाकला. बाबा समोर बसले आणि त्यांना सुरुवातच करता येईना. एवढ्या लोकांना सांगितलेलं, पण ही पोर त्यांच्या डोळ्यांपुढे परकर घालून फिरलेली. शेवटी तीच म्हणाली, "सांगा काका."

बाबांनी सांगितलं. सांगता सांगता तेच रडायला लागले, धोतराच्या सोग्याने तोंड झाकून घेतलं. रेखा त्यांच्याकडे बघत होती. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आईले सांगितलं?"

"नाई. तू आल्यावर सांगू म्हटलं."

"ते जेवली?"

"तुहीच वाट पाहून राह्यली," आई म्हणाली.

"मंग अगोदर जेऊ द्या तिले. एकदा सांगितलं का चार दिवस घशाखाली काही उतरणार नाई तिच्या." ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आमच्या आरशात बघून केसांवरून हात फिरवला. आईने दह्याची वाटी माझ्या हातात दिली आणि डोळ्यांनीच तिच्याबरोबर जा म्हणून सांगितलं.

ते जेवण मी पाहिलं. काकूंनी दोघींची ताटं वाढली, मलाही बस म्हणाल्या, मी पोट भरलंय म्हणून दाराशी टेकले. गोळाभातावर त्या कढवलेलं तेल सोडत होत्या, लसणाचा वास घरभर होता. "डोळे काऊन लाल झाले व तुये?" त्यांनी विचारलं. "बसमध्ये लई धूळ होती," रेखा म्हणाली आणि घास घेतला. गोळा फोडून भातात कालवून, नेहमीसारखी बोटं चाटून ती जेवली. अजून एक गोळा मागून घेतला. काकू खूश झाल्या, स्वतःही पोटभर जेवल्या, बोलत बोलत जेवल्या, प्रमोदच्या लग्नासाठी एक मुलगी पाहून ठेवली आहे असं म्हणाल्या. रेखाने विचारलं, "कुठची?" काकूंनी गाव सांगितलं. मग रेखाने ताटं उचलली, घासली, पालथी घातली, चुलीतली लाकडं मागे ओढली. हात पुसले. "आई, इकडं माह्याजवळ बस," ती म्हणाली. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसले. आतला आवाज मला थोड्या वेळाने ऐकू आला. सारी गल्ली धावत आली.

पुढे कितीतरी दिवस बायका रेखाबद्दल बोलत होत्या. भाऊ गेलेला कळूनसुद्धा पोरगी दोन गोळे खाऊन उठली, दगडाची आहे, असं एकीने आमच्याच दुकानात उभं राहून म्हटलं. मला तिचा राग आला, पण खोटं कशाला, आतून मलाही तेच वाटलं होतं. प्रमोदला आणायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत बाबांनी मस्कत आणि मुंबईला किती फोन केले याला गणती नाही, आणि फोन मोकळा पाहिजे म्हणून इंटरनेटला कुणी हात लावला नाही. सगळे विधी झाले. रेखाची परीक्षा जवळ आली होती, उद्या ती वर्ध्याला परत जाणार अशा सकाळी मी झाकण काढलं आणि पेटी उघडली.

सगळ्यात वर अनिलचा मेल होता, न उघडलेला, त्याच दिवशी संध्याकाळी आलेला. तो कशाला तरी उत्तर म्हणून आला होता. पण मी तर त्याला काहीच लिहिलं नव्हतं आणि बाबांना मेल करता येत नव्हता. मग मी पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला.

तिथे त्या दिवसाची दोन पत्रं होती, मी न लिहिलेली. पहिलं सकाळी अकरा बेचाळीसचं, प्रमोदला. "दादा, मधुकाकाचा होस्टेलवर फोन आला होता. आईची तब्येत जराशी बरी नाई म्हणते. त्याचा अर्थ तुले बी माहीत आहे. आई गेली असन दादा. तू हिंमत धरजो. एकटा रडत नको बसू, अनिलभाऊले जवळ बसव. मी निघून राह्यली." दुसरं अकरा त्रेपन्नचं, अनिलला. त्यात एकच ओळ होती. "अनिलभाऊ, तो एकटा तं नव्हता ना?"

मधली अकरा मिनिटं मी तेव्हापासून किती वेळा मोजली असतील. पत्र पाठवून ती पेटीत परत आली असणार आणि तिथे अनिलचा सकाळचा मेल दिसला असणार. ज्याला धीर द्यायला ती कॅफेत शिरली होती तोच गेलेला, आणि आई जिवंत. आम्ही मशीनवर झाकण घालून, पिन काढून बसलो होतो, आणि बाबांनी जे खोटं तिला वाचवायला सांगितलं तेच तिला हाताला धरून त्या पेटीपाशी घेऊन गेलं. मी एक बटण दाबलं असतं तर. दहाला तार काढली असती तर. या दोन वाक्यांचा आता कंटाळा आलाय, पण ती मला सोडत नाहीत. बाबांना मी हे कधीच सांगितलं नाही. आपण तिला एकटीला कळू दिलं नाही, या समाधानात ते गेले.

मी रेखाला बोलावून आणलं. खुर्ची तिच्याकडे सरकवली. तिने अनिलचा मेल उघडला. "मी होतो ताई. त्याचा हात माह्या हातात होता." तिने ते वाचलं, परत वाचलं, आणि तिचे खांदे खाली आले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुले कळलं म्हणजे."

"मी तो मेल काढून टाकायला पाहिजे होता. बाबांनी सांगितलं होतं मला. तुला एकटीला तिथे..."

"तू काऊन रडून राह्यली," ती म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं. तिने टेबलावरची धूळ बोटाने पुसली. "घरी आल्यावर आईचंच पाहणं होतं. मले कुठी जागा होती? तिथं अर्ध्या तासाचे पैसे देल्ले होते मी. दहा मिनिटं उरले होते. तेवढ्यात रडून घेतलं. मंग बसचा टाइम झाला."